सहावं अक्षर

चार्जिंग स्टेशनवर गाडी लागली की तिथले सखाहरीतात्या आधी काचेच्या कोपऱ्यातल्या चासी नंबरावर वाकत. सहावं अक्षर बॅटरीचं, दहावं वर्षाचं, हे लेकीनेच शिकवलेलं. एक वर्षभर या गाड्यांच्या कारखान्यात मोठ्या बॅटऱ्या तीच बसवायची. पुढे तिने स्वतःच्या मनाने लग्न केलं, तेव्हा "या घरात पाऊल ठेवू नकोस," असं तात्या बोलून गेले. एरवी बापाचं एक न ऐकणाऱ्या पोरीने एवढं मात्र ऐकलं.

"काका, काय शोधताय?" गाडीवाल्याने विचारलं.

"मॉडेल कुठलं ते बघतोय."

आज दोन्ही अक्षरं जुळली: मोठी बॅटरी, आणि वर्षही तिचंच. तात्यांनी हलक्या हाताने चार्जर लावला. दिवा हिरवा झाला.

"पोटभर जेव गं," ते पुटपुटले, आणि गाडी चार्ज होईपर्यंत त्यांनी बॉनेटवरचा हात उचलला नाही.