मामाची बैठक

मांडवात जेवणाची पानं वाढली जात होती, तेवढ्यात पोकुआने निवेदकाच्या हातून माईक काढून घेतला. मयत लांबच्या मावशीचं होतं. सुतकाची काळी-लाल कापडं नेसलेले दोनशे नातेवाईक पोकुआकडे बघू लागले.

पोकुआ घानातल्या कुमासीच्या बाजारात धुरी दिलेली मासळी विकायची. शौचातून रक्त पडू लागलं तेव्हा सगळ्यांनी एकमताने मूळव्याध ठरवली. वैदूने काढा दिला, पास्टरने तेल दिलं, त्यात आठ महिने गेले. मग इस्पितळात नळी घालून पाहिलं, तर आतड्याचा कॅन्सर निघाला. डॉक्टरीण म्हणाली, ऑपरेशन लगेच करायला हवं, फक्त नातेवाइकांनी येऊन रक्त द्यायला हवं.

घराण्यात शेवटचा शब्द बोआटेंग मामाचा. मामा म्हणाला, आधी घराण्याची बैठक घेऊ. बैठक शनिवारी ठरायची, पण तिथे मयतंही शनिवारीच होतात, आणि दर शनिवारी कुणाचं तरी मयत निघायचं. असे नऊ शनिवार गेले. पोकुआने विचारलं की मामा सुस्कारा टाकून म्हणायचा, मेलेल्या माणसाचा मान आधी.

आता ती माईकवर शांतपणे बोलू लागली.

"मंडळी, मेलेल्याला तीन महिने बर्फात ठेवता येतं. मला ठेवता येत नाही. मंगळवारी इस्पितळात येऊन रक्त द्या. जो येणार नाही, त्याने माझ्या मयताला येऊन रडायचं नाही आणि जेवायचंही नाही."

मागे कुणीतरी खुदकन हसलं. मग सगळा मांडव हसला. मामा तेवढा पानातल्या भाताकडे बघत राहिला.

मंगळवारी अकरा जण आले. दोघं तर चर्चच्या कपड्यांत आले होते. गुरुवारचं ऑपरेशन पक्कं झालं. सगळ्यांत शेवटी, बाही वर सारत, मामा आला. पोकुआने त्याच्यासाठी नऊ आठवड्यांचे टोमणे साठवून ठेवले होते.

नर्सने मामाच्या बोटाला सुई टोचली. थेंब तपासला, पुन्हा तपासला. मग तिने त्याची बाही खाली ओढली.

"बाबा, तुमचं रक्त घेता येणार नाही. तुमच्यातच उरलेलं नाही. जातंय कुठे एवढं?"

नर्स डॉक्टरणीला बोलवायला गेली, तसा तो बाकावर पोकुआच्या शेजारी येऊन बसला. एवढा धिप्पाड माणूस, पण गुडघे जुळवून बसला होता. बैठक घेतली असती, तर चारचौघांत त्या दुखण्याचं नाव घ्यावं लागलं असतं, असं काहीतरी तो पुटपुटला. पोकुआला कळेना.

"म्हणजे काय, मामा?"

मामाने दाराकडे एकदा बघून घेतलं आणि तिच्या कानाशी वाकला.

"तुझं जिथून जातं ना, तिथूनच. वर्ष झालं."