पैरा

नव्व्याण्णव साली सांगलीच्या सायबर कॅफेत आम्रपालीनं बापाला, यल्लाप्पाला, कॉम्प्युटरसमोर बसवलं. खेळात देशोदेशीच्या टोळ्या झुंजत होत्या, पहिल्या टोळीला किल्ला बक्षीस होता, आणि तिची टोळी पहिली आली होती. टोळीचं नाव ‘पैरा’. यल्लाप्पा चमकला. आज सगळ्यांनी एकाच्या रानात राबायचं, उद्या दुसऱ्याच्या. गावाचा पैरा त्यानं जन्मभर बांधावरूनच बघितलेला. जातीमुळं त्यात त्याला कुणी धरलं नव्हतं. “आमीबी तसंच खेळतो, आबा. सगळी मिळून एकाला वर काढतो, मग दुसऱ्याला.” “कुठली माणसं ही?” “ब्राझील, फिनलंड, कोरिया. कुणाचं तोंडबी बघितलेलं न्हाई.” “पहिल्यांदा कुणाला वर काढलं?” “मला.” यल्लाप्पानं खुर्ची पुढं ओढली. पडद्यावर किल्ल्याचा दरवाजा उघडला, पण टोळीतलं कुणी आत शिरेना. “का थांबल्यात गं?” “मी आधी जावं म्हणून.” यल्लाप्पानं पायातल्या वहाणा काढून खुर्चीखाली सारल्या. “चल,” म्हणाला.