दोन गल्ल्यांमधली रेघ

"वेळ संपली, बाई," कर्बी हॅल्स्टेड म्हणाला. त्याच्यासमोरचा अंड्याच्या आकाराचा टायमर किरकिरत होता.

"संपू दे," लोर्ना डिट्झ माईक न सोडता म्हणाली. "माझं बोलणं संपलेलं नाही."

शाळेच्या जेवणघरात, पोरांच्या बुटक्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेले पालक हसले. इर्मा ट्रेविन्योला मात्र हसू आलं नाही. ती कर्बीच्या हद्द-समितीवर होती आणि लोर्नाला चांगली ओळखत होती. वाचनालयात काम करणारी ही बाई पुस्तक उशिरा आणणाऱ्याचीच माफी मागायची. तिच्या अंगात आज काय संचारलं होतं?

शाळेत मुलं मावत नव्हती हे खरं. पहिलीवाल्यांना सकाळी दहालाच जेवायला बसवत, मैदानात पत्र्याच्या खोल्या उभ्या केल्या होत्या, गाण्याचा वर्ग स्टेजच्या पडद्यामागे भरायचा. हायवेपलीकडे कापसाच्या शेतात नवी शाळा बांधून होत आली होती. ऑगस्टपासून कोणी तिकडे जायचं, त्याच्या रेघा समिती मारत होती. जायचं कुणालाच नव्हतं. लांबची बस, अनोळखी शिक्षक, सावलीला एक झाड नाही. शिवाय घरांचे भाव पडणार ते वेगळंच.

पण लोर्नाला कोणी पाठवतच नव्हतं! तिची मेस्कीट लेन आणि कर्बीची क्वेल लेन, पाठीला पाठ लावून असलेल्या दोन्ही गल्ल्या जुन्याच शाळेत राहणार होत्या. जाणार होत्या हायवेकडच्या भाड्याच्या इमारती. तिथून सभेला कोणी येत नसे, म्हणून ते सोपं होतं.

"आज ठेवाल, उद्या हलवाल," लोर्ना म्हणाली. "मला लेखी हवंय. दोन्ही गल्ल्या कायम एकत्र. तुमचा कोल्टन आणि माझा एमेट बसमध्ये एकाच बाकावर बसतात. बघा की किती दोस्ती आहे!"

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. कोल्टन हॅल्स्टेडने एमेटच्या गळ्यात हात टाकला होता. मे महिन्याच्या उकाड्यात पूर्ण बाह्यांचा जाड स्वेटशर्ट घातलेला एमेट निमूट बसला होता. बायका कौतुकाने "आहा" म्हणाल्या.

पुढच्या सभेत लोर्नाने कहरच केला. "गरिबांची पोरं ढकलायला सोपी, नाही का? आमच्या गल्लीला हात लावून दाखवा, मग बघते!" मग ती कर्बीकडे वळली. "तुम्हाला तर चर्चच्या जत्रेत गाड्या नीट लावून घेता आल्या नाहीत. निघाले गावाच्या रेघा मारायला!"

कर्बीचे कान लाल झाले. गाड्यांचा तो घोळ गाव अजून विसरलं नव्हतं.

घरी जाताना इर्माने तिला गाडीपाशी गाठलं. "लोर्ना, अगं जे आपलं आहेच त्यासाठी कोणी भांडतं का? स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेशील."

"बघू," लोर्ना म्हणाली आणि गाडीचं दार लावून घेतलं.

पाणी कुठेतरी मुरतंय, हे इर्माच्या डोक्यातून जाईना. घर विकायचा विचार असेल का हिचा? फेब्रुवारीत मुख्याध्यापिकेच्या खोलीबाहेर ती पुन्हा पुन्हा बसलेली दिसायची. विचारलं तर "सहज" म्हणायची. नवऱ्याशी काही बिनसलं असेल का? इर्मा दातांच्या दवाखान्यात कामाला होती. हिवाळ्यात एमेटचा पुढचा दात तुटला तेव्हा लोर्ना एकटीच त्याला घेऊन आली होती. घसरगुंडीवरून पडला, एवढंच म्हणाली होती.

शेवटच्या सभेत कर्बीने नकाशा लावला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर आठवड्याभरात प्रथमच हसू होतं.

"काही लोकांनी न्यायाचा मुद्दा काढला," तो म्हणाला. "समितीला तो पटला. हायवेकडच्या इमारती इथेच राहतील. त्यांच्याऐवजी मेस्कीट लेन नव्या शाळेत जाईल."

"आणि क्वेल लेन?" लोर्नाने विचारलं. तिचा आवाज कापत होता.

"क्वेल लेन आहे तिथेच."

"तुम्ही असं करू शकत नाही!"

"करू शकतो, बाई. हात वर करा मंडळी."

समितीतले सगळे हात वर गेले. इर्माचा तेवढा खाली राहिला. लोर्ना तोंडावर रुमाल धरून एमेटला ओढत बाहेर पडली. मागून कोणीतरी म्हणालं, "बरी जिरली." इर्माला ते फार लागलं. भांडखोर झाली म्हणून काय झालं, बाई एकटीच लढली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मक्याच्या वाफवलेल्या तमाल्यांचं भांडं घेऊन इर्मा मेस्कीट लेनला गेली. काय बोलून समजूत काढायची, ते तिने वाटेत ठरवलं होतं. दार उघडंच होतं. आत रेडिओ लागला होता आणि लोर्ना गुणगुणत टेबल पुसत होती. बिनबाह्यांच्या गंजीत बसलेला एमेट दुसऱ्यांदा वाढून घेत होता. त्याच्या दोन्ही दंडांवर बोटांच्या आकाराचे हिरवट-पिवळे डाग होते.

इर्मा भांडं हातात धरून दारातच थांबली. लोर्नाने तिला पाहिलं आणि रेडिओ बारीक केला.

"मॉम," एमेटने विचारलं, "कोल्टन नक्की तिकडे येणार नाही ना? परत काही बदलणार नाही ना?"

"नाही रे राजा," लोर्ना म्हणाली. "रेघ त्याच्या बाबांनीच मारलीय."