सरकती रेघ

डॉक्टर सामंतांनी स्पिरिटच्या बोळ्याने जयवंतच्या पोटरीवरचा गेरू पुसून काढला. खाली लालभडक, सुतळीएवढी जाड रेघ होती. घोट्यापासून वर गुडघ्याकडे गेलेली. त्यांनी तिच्यावरून बोट फिरवलं तसा जयवंत कळवळला.

"गेरू कुणी लावायला सांगितला?"

"शेजारच्या कुंदावैनींनी. नागीण उठलीय म्हणाल्या," मालन म्हणाली. "गेल्या महिन्यात ह्यांच्या डाव्या पायाला होती. आठ दिवसांत गेली. आता ही उजव्याला."

"डावीकडची आपोआप गेली?"

"पार गेली. मी देवीला नारळसुद्धा फोडला."

बरं झाल्याचं ऐकून डॉक्टरचं तोंड का उतरावं, हे मालनला कळेना.

त्यांनी जयवंतला टेबलावर आडवं व्हायला सांगितलं, शर्ट वर सरकवला आणि बेंबीच्या वर बोटं रुतवली.

"अहो डॉक्टर, दुखतोय पाय," जयवंत हसला. "पोटात काय शोधताय?"

"पाठीत दुखतं?"

"आडवं पडलं की दुखतं. दिवसभर मशीनवर उभा असतो ना, एमआयडीसीत. दुखणारच."

"जेवण जातं?"

"कुठलं जातंय!" मालनच बोलली. "बांगड्याचं तिखलं केलं तरी दोन घासांवर उठतात. पट्ट्याला दोन भोकं नवीन पाडली."

डॉक्टरांनी कंपाउंडरला हाक मारली आणि जयवंतला वजन करायला बाहेर पाठवलं. मग खुर्ची मालनच्या जवळ ओढली.

"बाई, ही नागीण नाही. शिरेत रक्त गोठतंय. एके ठिकाणची गाठ विरते, दुसरीकडे नवी धरते. ही रेघ अशी जागा बदलायला लागली, की पाय बघून भागत नाही. कधीकधी मूळ आत असतं. पोटात."

"म्हणजे?"

"तपासल्याशिवाय मी नाव घेणार नाही. पण उशीर करू नका. परळला चिठ्ठी देतो."

परळच्या कुठल्या इस्पितळात, हे मालनला विचारावं लागलं नाही. चाळीतल्या काशीरामला कॅन्सर झाला तेव्हा तिथेच नेलं होतं. ती डॉक्टरांच्या हातातल्या पेनाकडे बघत राहिली.

"ह्यांना सांगू?"

"आज नको. आधी तपासण्या होऊ देत."

ती बाहेर आली तेव्हा जयवंत चपला घालून तयार होता.

"काय गं, एवढा वेळ? काय म्हणाला?"

"रक्त घट्ट झालंय म्हणाले. सोमवारी परळला जायचं, तपासायला."

"सोमवारी? खाडा पडेल."

"पडू दे."

त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. मग रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिला. समोरून रिक्षा येत होती. त्याने हात वर केला. मनगटाचं बटण तुटलेलं, बाही कोपरापर्यंत घसरली. हाताच्या आतल्या बाजूला, कोवळ्या कातडीवर, एक लाल रेघ उठली होती. सकाळी नव्हती.

मालन पुढे झाली. तिने त्याचा हात खाली घेतला, बाही मनगटापर्यंत ओढली आणि आपल्या मंगळसूत्राला अडकवलेली पिन काढून बाही टाचून टाकली.

"अगं, उकडतंय किती!"

"असू दे," ती म्हणाली. "तुम्ही आधी बसा रिक्षात."