तेलाचे डाग

गोवर्धनच्या जुन्या पिकअपचं इंजिन खालून गळायचं. म्हणून रोज पहाटे, बाळापूरहून अकोल्याला भाजी न्यायच्या आधी, तो बोनेट उघडून तेल बघायचा आणि कमी असलं की भरायचा. अंगणातले काळे डाग बघून त्याची बायको तानुबाई रोज बोलायची, "माह्या सारवल्या अंगणाची वाट लावून राह्यली तुमची गाडी."

शेवटी त्यानं ऑइल चेंबरचं पॅकिंग बदलून आणलं. गळणं थांबलं, तसं पहाटे बोनेट उघडणंही थांबलं.

तीन महिन्यांनी मेथीनं भरलेल्या गाडीचं इंजिन रस्त्यातच जाम झालं. बोलावलेल्या मिस्त्रीनं इंजिनातलं तेल मोजायची पट्टी ओढून पाहिली. कोरडी होती.

"जुनं इंजिन तेल खातेच भाऊ," तो म्हणाला. "गळत होतं तवा तुमी रोज पाहत होते, म्हणून चाललं."

"आता?"

मिस्त्रीनं पट्टी पुसून परत जागेवर घातली. "आता यात काही नाही राह्यलं."



पिकअप आता दिवसभर अंगणातच उभी असते, आणि खाली तेलाचा एक थेंब पडत नाही.