नमीचा फोन

रोह्याच्या स्टेशनाजवळच्या एस.टी.डी. बूथमध्ये काळुराम रिसीव्हर कानाला लावून उभा होता आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. बूथवाला कमळाकर काचेपलीकडून बघत होता. त्याच्यामागे दोघं-तिघं खोळंबले होते. बहिऱ्या पोरीला फोन लावणारा बाप रोह्यात आजवर झाला नसेल.

फोन पेणच्या कर्णबधिर मुलींच्या शाळेच्या वसतिगृहात वत्सलाबाईंनी उचलला होता. रविवारी फोन करा, असा निरोप त्यांनीच धाडला होता.

“नमिता आलीय बघा धावत. तिच्या कानाशी धरते. बोला.”

“काय बोलू, बाई? तिला थोडंच ऐकू जातंय!”

“नाही जात, आणि ते तिला चांगलं ठाऊक आहे. पण ज्या मुलींना थोडंफार ऐकू येतं, त्यांना घरून फोन येतात ना! ही दर रविवारी वेणी घालून फोनपाशी येऊन बसते. उठवलं की रडते. मलाही फोन यावा, एवढंच तिचं म्हणणं. बोला काहीही.”

रिसीव्हर इकडचा तिकडे झाल्याची खुडखुड ऐकू आली. काळुरामनं कमळाकरकडे पाठ केली.

“नमे,” तो हळूच म्हणाला. “जेवलीस काय?”

काय हा येडेपणा! त्याचा त्यालाच राग आला. तरी तो बोलत राहिला. “म्हस व्याली आपली. पारडी झाली. आये तुझी रोज तुझी आठवण काढते.” मग जरा थांबून, “मी पन काढतो गो.”

हे त्यानं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. ऐकणारं कुणी नव्हतं म्हणूनच जमलं असेल.

आणि पलीकडून आवाज आला. “आऽ… बा… बाबाऽऽ…” मग शब्द नव्हतेच, नुसता आवाज. चढला, अडखळला, हसला, पुन्हा सुरू झाला. घरी चारचौघांत ती असा आवाज काढू लागली की काळुराम ओठांवर बोट ठेवायचा. पोर शहाणी, लगेच गप्प व्हायची. त्यामुळे एवढं सलग तिचं त्यानं कधी ऐकलंच नव्हतं. यात तक्रार होती. कुणाशी तरी भांडण झालं होतं. मध्येच काहीतरी विचारून ती थांबलीसुद्धा.

“व्हय,” काळुराम म्हणाला. रिसीव्हर त्यानं इतका दाबून धरला होता की कान दुखायला लागला. “व्हय गो. मंग?”

ती पुन्हा सुरू झाली.

काचेवर टकटक झाली. “झालं काय, दादा? उरका की! मानसं ताटकळलीत हितं.”

काळुरामनं दार जरासं उघडलं. त्याचे डोळे वाहत होते, आणि ते पुसायचं त्याला सुचलं नव्हतं.

“थांब रे जरा,” तो कमळाकरवर खेकसला. “पोर बोलते हाय माझी.”