सातनंतर किचन बंद

टोप रिकामा होता. तळाला नुसता माशांचा रस्सा चिकटलेला.

"सहा बोईटं होती," हितेश म्हणाला. "काल संध्याकाळी मी स्वतः झाकण ठेवलेलं. बाबा, तुझ्याशी बोलतोय! कोणी खाल्ली?"

नाथा खुर्चीत बसून शर्टाचं बटण लावत होता. पाच मिनिटं झाली तरी एकच बटण. चाळीस वर्षं मिठागरात घातलेली बोटं, मिठाने खाऊन लाकडासारखी केलेली.

"मीनीच खाल्ली," तो बटणाकडे बघतच म्हणाला. "मना भूक लागली व्हती."

"किती वाजता?"

"दोन वाजलं असतील राती."

"दोन!" हितेश बायकोकडे वळला. "ऐकलंस? रात्री दोनला माणूस जेवतो की भूत?"

करिश्माने टोप उचलून सिंकमध्ये ठेवला.

दोन महिने झाले, या घरात सातनंतर किचन बंद होतं. जिमच्या रत्नदीप सरांनी सांगितलेलं, सातनंतर पोटात गेलेला घास डायरेक्ट चरबी होऊन बसतो, वर झोपेचीही वाट लावतो. सर बोलले म्हणजे विषय संपला. हितेश साडेसहालाच भाकरी आणि वाटीभर मूग खाऊन मोकळा व्हायचा. रात्री पोटात कावळे ओरडायचे, डोळा लागायचा नाही. मग मेडिकलवाल्या मित्राकडून झोपेची गोळी आणली. आधी अर्धी घ्यायचा, आता अख्खी. एकदम झक्कास झोप. सकाळी तर भूकच नसायची. "बॉडी सेट होतेय," तो सगळ्यांना सांगायचा.

फक्त वजन एकशेआठचं एकशेअकरा झालेलं.

"घरात एक जण जरी रात्री खात असेल ना, तर सगळ्यांची शिस्त मोडते," सर म्हणाले. हितेशला लगेच कळलं एक जण कोण ते.

त्याला बापाची लाजच वाटायची. मिठागराच्या जमिनीवर सात मजल्यांची बिल्डिंग उभी राहिली, लिफ्ट आली, सोफा आला. म्हातारा तिथेच. भरती-ओहोटी बघून जेवणारी जात, हिला घड्याळ काय समजणार! बरं, खातोस तर खा, वर हा घाबरटपणा. रोज रात्री गॅसचा रेग्युलेटर काढून उशाशी घ्यायचा. विळी पलंगाखाली. आणि हॉलमधला तो पलंग मेन डोअरला आडवा, कोणी दार उघडायला गेलं तर याला ओलांडूनच जावं लागेल. चोर घरात, आणि पहारा बाहेरच्यांवर!

"रविवारी तुला खडवलीच्या फार्मवर सोडतो," हितेशने सांगून टाकलं. "तिथे बस रात्रभर खात."

"एकटे राहतील ते?" करिश्माने विचारलं. "अहो, डोळे बघा त्यांचे. रात्र रात्र झोप नाही त्यांना. किती उतरलेत."

"दोनला चरल्यावर झोप कशी येईल? सर तेच तर सांगतात."

नाथाने मान वर केली. मग परत बटणाला लागला.

बापाला घराबाहेर काढलं अशी गावभर बोंब नको म्हणून हितेशने पार्किंगमधला एक कॅमेरा आणून फ्रिजच्या वर ठोकला. शकू आते भांडायला आली की मोबाईल दाखवायचा, बस्स. शनिवारी मुद्दाम पुन्हा सहा बोईटांचं कालवण करायला लावलं. गोळी घेतली आणि झोपला. त्याच्या घोरण्यामुळे करिश्मा पोरीला घेऊन दुसऱ्या खोलीत झोपायचीच.

रविवारी सकाळी गाडीची चावी एका हातात, मोबाईल दुसऱ्यात. "ये, बघ तुझ्या सासऱ्याचे उद्योग," म्हणत त्याने व्हिडिओ लावला.

दोन वाजून दहा मिनिटं. किचनची लाईट लागली. अनवाणी, हाफ पँटमधला एक ढोल्या माणूस आत आला. डोळे उघडे, पण बघत कुठेच नव्हते. झाकण काढून त्याने टोपात हात घातला.

"अहो," करिश्मा हळूच म्हणाली, "हे तुम्ही आहात. झोपेत आहात तुम्ही."

हितेशने स्क्रीन जवळ घेतली. लांब धरली. पुन्हा जवळ घेतली.

व्हिडिओत मागून नाथा आला. त्याने हाक मारली नाही, हलवलं नाही. मनगट धरून पोराला लादीवर बसवलं, ताट घेतलं. ज्या बोटांना शर्टाचं बटण लागत नव्हतं, ती बोटं बोईटाचा एकेक काटा शोधून काढायला लागली. काटा ताटाच्या कडेला, घास पोराच्या तोंडात. सहाच्या सहा. स्वतःच्या तोंडात एक कण नाही. शेवटी हितेशचे हात धुतले, तोंड पुसलं, त्याला खोलीत नेलं. परत येऊन काटे कागदात गुंडाळले.

हॉलमध्ये चपलांचा आवाज झाला. नाथा पिशवी घेऊन तयार होता. शर्टाची वरची दोन बटणं उघडीच. त्याने खिशातून रेग्युलेटर काढून करिश्माच्या हातात ठेवला.

"आजपासून ह्यो तुझ्या उशाशी घे, पोरी. विळी पलंगाखाली हाय. दाराला कायतरी आडवं लाव." तो दाराकडे वळला. "आन् बोईटं नको आनत जाव. काटे कोन काढंल?"